डोळे उघडे आणि अंग जखडलेलं: स्लीप पॅरालिसिसबद्दल सविस्तर

पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींना झोपेबद्दल विचारून बघा. आधी सगळे "झोप मिळतेच कुठं" एवढंच म्हणतात, पण चहाचा दुसरा कप झाला, जरा ओळख झाली की कुणीतरी आवाज खाली करून सांगतंच, की मला ना झोपेत कुणीतरी दाबतं. डोळे उघडे असतात, सगळं दिसत असतं, पण हात उचलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही. आणि लगेच पुढचं वाक्य, "कुणाला सांगू नको हां, वेडी म्हणतील." हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता नीट बसून लिहायचंच ठरवलं. मला स्वतःला हे होतं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, आणि माझ्या बाबतीत तरी त्याचा माझ्या काळजीशी, म्हणजे ज्याला डॉक्टर एन्झायटी म्हणतात तिच्याशी, फार जवळचा संबंध आहे.

आधी नेमकं होतं काय ते सांगते, कारण ज्याला हे कधी झालं नाही त्याला वाटतं वाईट स्वप्न पडलं असेल. स्वप्नात आपण दुसरीकडेच कुठंतरी असतो. यात आपण आपल्याच कॉटवर असतो. आमच्या रूमवर चार कॉट, माझी दाराजवळची. त्या दिवशी दुपारी मेसवरून जेवून आले, डोकं जड झालेलं, म्हटलं जरा पडू, आणि उताणीच पडले, पुस्तक पोटावर. डोळे उघडले तेव्हा वर पंखा फिरताना दिसत होता, बाथरूममध्ये रूममेट बादली भरत होती त्या नळाचा आवाज येत होता, खाली गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता, म्हणजे सगळं खरं. फक्त माझ्या पायाशी कुणीतरी बसलं होतं. दिसत नव्हतं कारण मान वळत नव्हती, पण गादी त्या बाजूला दबलीये हे पोटऱ्यांना कळत होतं. मग ते वजन सरकत सरकत वर आलं, मांड्यांवर, पोटावर, छातीवर, आणि श्वास घ्यायला जावं तर छाती वरच येईना. रूममेटला हाक मारायला सगळा जोर लावला, डोक्यात तिचं नाव नुसतं घुमत होतं आणि घशातून बाहेर येत होतं ते बारीकसं हूं हूं. ती बाहेर आली, केस पुसत माझ्या कॉटच्या कडेनं गेली, तिचा टॉवेल माझ्या तळपायाला लागला आणि एकदम सगळं सुटलं. उठून बसले तर अंग घामानं भिजलेलं, छातीत धडधड, पायाशी कुणी नाही. मला तो अर्धा तास वाटला होता. ती म्हणाली, अगं मी बादली भरून हात-पाय धुवून आले तेवढ्यातली गोष्ट सांगतेयस तू.

कॉलेजला असतानाही एक-दोनदा झालं होतं पण ते विसरून गेले होते. पेठेत आल्यावर वाढलं, आणि मुख्य परीक्षा जवळ आली की जास्तच वाढायचं.

आता हे का होतं ते मला जसं समजलं तसं सांगते. झोप काही एकसारखी नसते, रात्रभर साधारण नव्वद मिनिटांची आवर्तनं चालू असतात आणि प्रत्येक आवर्तनात एक टप्पा येतो ज्यात डोळे पापण्यांखाली भराभर फिरत असतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी हा टप्पा जगापुढं मांडला, त्यालाच आरईएम झोप म्हणतात. ठळक, रंगीत, गोष्ट असलेली स्वप्नं जास्त करून याच टप्प्यात पडतात. आणि स्वप्नात आपण पळतो, मारामारी करतो, ते हातपाय खरोखरच हलवायला लागले तर आपल्याला किंवा शेजारच्याला लागेल, म्हणून मेंदू त्या वेळी अंगातल्या बहुतेक स्नायूंना सैल सोडून देतो. मेंदूच्या खालच्या भागातून, ब्रेनस्टेममधून, तसे निरोप जातात आणि ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं स्नायू हलवणाऱ्या नसांना गप्प बसवतात. हे तुम्हाला, मला, घरातल्या लहान बाळाला, सगळ्यांना रोज रात्री होतं, फक्त आपण झोपेत असतो म्हणून कळत नाही. कधीकधी मात्र जाग आधी येते आणि स्नायू नंतर सुटतात. मधले ते काही सेकंद, फार तर काही मिनिटं, म्हणजे स्लीप पॅरालिसिस. स्वप्नाचं यंत्रही अजून पूर्ण बंद झालेलं नसतं, त्यामुळं खऱ्या खोलीत, खऱ्या पंख्याखाली, एक स्वप्नातला माणूस येऊन बसतो.

छातीवरच्या वजनाचं कारण समजलं तेव्हा मला सगळ्यात जास्त हायसं वाटलं होतं. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे पोट आणि छातीच्या मधला पडदा, डायफ्राम. तो या वेळीही चालूच असतो, म्हणून श्वास थांबत नाही. पण बरगड्यांमधले जे स्नायू मुद्दाम खोल श्वास घेताना आपण वापरतो ते सैल पडलेले असतात. आता तुम्ही घाबरलात की काय करता, मोठा श्वास ओढायला जाता. तो ओढला जात नाही. मग मेंदूला वाटतं कुणीतरी छाती दाबून धरलीये, आणि आपण अजून जोर लावतो, आणि अजून गुदमरल्यासारखं होतं. श्वास त्या पूर्ण वेळात आत-बाहेर चालूच असतो. हे वाक्य मी वहीत लिहून कॉटच्या वर भिंतीला चिकटवलं होतं, खरंच.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले अॅलन चेन यांनी अशा अनुभवांचा बराच अभ्यास केला, आणि त्यांना दिसलं की लोक जे सांगतात ते साधारण तीन प्रकारात बसतं. खोलीत कुणीतरी आहे असं वाटणं, छातीवर दाब येऊन गुदमरणं, आणि तरंगणं, पडणं, अंगातून बाहेर गेल्यासारखं होणं. माझं पहिलं आणि दुसरं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एकीला तिसरं होतं, तिला आपण कॉटसकट गोल फिरतोय असं वाटतं.

गावाकडं याला सरळ भूत म्हणतात, आणि त्यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाड्याच्या मागं पिंपळ, आणि पिंपळावर मुंजा आहे हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. आज्जीला सांगितलं तेव्हा तिनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली, उशाखाली अडकित्ता ठेवायला दिला आणि म्हणाली, "उताणी झोपू नगंस पोरी, आन छातीवर हात ठिवून तर अजिबात न्हाई. कुशीवर झोप, मारुतीचं नाव घे." गंमत बघा, उताणं झोपल्यावर हे जास्त होतं असं झोपेचा अभ्यास करणाऱ्यांनाही दिसून आलंय. आज्जीनं कुठला पेपर वाचला नव्हता. पिढ्यानपिढ्या बायकांनी बघितलं, लक्षात ठेवलं आणि पुढं सांगितलं, आणि मला त्याचं मोल वाटतं.

नुसत्या आपल्याकडंच नाही, जगभर लोकांनी या अनुभवाला चेहरा दिलाय. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी चेटकीण बसते म्हणतात, जपानमध्ये त्याला कानाशिबारी म्हणतात, इजिप्तमध्ये जिन येतो. बालंद जलाल आणि डेव्हन हिंटन या संशोधकांनी इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली, २०१३ ला ती छापून आली. इजिप्तमधल्या लोकांना त्या वेळी आपण मरू अशी भीती डेन्मार्कमधल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त वाटायची, आणि त्यांचं जखडलेपणही जास्त वेळ टिकायचं. शरीरात घडतंय तेच, पण त्याचा अर्थ काय लावला यावर भीती किती ते ठरतं आणि भीतीवर पुढचं सगळं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली, कारण इथंच काळजीचा धागा सुरू होतो.

कुणाला किती होतं यावर ब्रायन शार्पलेस आणि जॅक बार्बर यांनी २०११ मध्ये पस्तीस अभ्यास एकत्र करून आकडे काढले होते. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले सर्वसाधारण लोकांमध्ये ७.६ टक्के निघाले. विद्यार्थ्यांमध्ये २८.३ टक्के. मानसिक आजाराचे उपचार घेणाऱ्यांमध्ये ३१.९, आणि त्यातही पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक जबर भीतीचे झटके येण्याचा आजार, असलेल्यांमध्ये जवळपास ३५ टक्के. मधला आकडा परत वाचा. विद्यार्थी. त्या चहाच्या टपरीवर दहा जण उभे असतील तर त्यातल्या दोघातिघांना हे झालेलं असू शकतं, आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपण एकटेच.

विद्यार्थ्यांमध्ये एवढं का, तर आमचा दिनक्रम बघितला की उत्तर समोरच आहे. अभ्यासिका चोवीस तास उघडी, त्यामुळं रात्री दोन-तीनपर्यंत बसायचं, पहाटे बॅचला जायचं म्हणून अलार्म, मग दुपारी जेवण झालं की दोन तास मेल्यासारखी झोप. आरईएम झोप खरी लांब होते ती पहाटेकडं, आणि तीच आपण अलार्म लावून तोडतो. तोडलेली झोप शरीर नंतर वसूल करतं, डोळा लागल्या लागल्या थेट आरईएममध्ये घुसतं, आणि असं घुसलं की जाग आणि जखडलेपण एकमेकांत अडकायची शक्यता वाढते. जपानमध्ये १९९२ च्या एका प्रयोगात धडधाकट माणसांना रात्री मध्येच उठवून, थोडा वेळ जागं ठेवून परत झोपवलं, तर त्यातल्या काहींना प्रयोगशाळेतच स्लीप पॅरालिसिस झाला. आम्ही पेठेत तोच प्रयोग स्वतःवर वर्षानुवर्षं करतोय.

आणि काळजी. ती कशी असते हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. निकालाची पीडीएफ उघडून कंट्रोल एफ दाबून स्वतःचा नंबर टाकायचा आणि खाली शून्य दिसतं, ते मी बघितलंय. पप्पा रोज रात्री फोन करतात, "जेवलीस का" एवढंच विचारतात, अभ्यासाचं एक अक्षर काढत नाहीत, आणि ते काढत नाहीत म्हणूनच जास्त त्रास होतो, कारण द्राक्षाचे पैसे कधी आले कधी नाही आले तरी माझ्या रूमचं भाडं मात्र एक तारखेला येतं. नातेवाईक वय मोजत असतात. सोबतची मुलगी पोस्ट काढून गावाकडं मिरवणुकीत उभी असते. हे सगळं दिवसा अभ्यासात झाकलं जातं आणि लाईट बंद झाली की वर येतं, जबडा आवळलेला, पोटात गोळा, छातीत उगाच धडधड, आणि उद्याचा विषय डोक्यात चालूच. असं तासभर कूस बदलत झोपलं की झोप हलकी लागते, सारखी तुटते, आणि तुटली की वर सांगितलं ते होतं.

दुसरं असं, की काळजीनं मेंदू कायम पहाऱ्यावर असतो. धोका ओळखणारा जो भाग, अमिग्डाला, तो आरईएममध्ये तसाही जोरात चालू असतो. त्यात जाग आली आणि अंग हलत नाही म्हटल्यावर मेंदू कारण शोधायला लागतो, आणि आधीच घाबरलेल्या मेंदूला पहिलं कारण सुचतं ते म्हणजे खोलीत कुणीतरी आलंय. अभ्यासकांचा अंदाज असा आहे की पायाशी बसलेला तो माणूस असा तयार होतो. मला तर वाटतं माझ्या पायाशी बसलेलं जे कुणी होतं ते माझी काळजीच होती, पण हे माझं म्हणणं, विज्ञानाचं नाही.

मग सुरू होतं ते चक्र. आज परत होईल का या भीतीनं झोपायलाच नको वाटतं. मोबाईल घेऊन पडायचं, डोळे मिटायला लागले की दचकून उघडायचे, रूममेटला म्हणायचं लाईट राहू दे ना गं. झोप अजून तुटते, काळजी अजून वाढते, आणि परत होतं. परीक्षेच्या आधीच्या त्या महिन्यात मला अभ्यासापेक्षा रात्रीची भीती जास्त होती, हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

काळजीमुळंच हे होतं असं कुणी ठामपणे म्हणू नये, मीही म्हणत नाही. दोन्ही एकत्र दिसतात हे पक्कं, कुठलं आधी ते माणसागणिक वेगळं असेल. घराण्याचाही भाग असतो, ब्रिटनमध्ये २०१५ ला जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासात थोडं आनुवंशिक असल्याचं दिसलं. आणि हे वाचून मी आईला फोन केला तर ती थोडा वेळ गप्पच बसली, आणि मग म्हणाली, "मला पण व्हायचं गं, लग्न होऊन आले तेव्हा. सासरी कुणाला सांगणार." नवीन घर, पहाटे चारला उठणं, सतत कुणीतरी काहीतरी बोलेल ही धास्ती. तिनं ते वर्षानुवर्षं एकटीनं सहन केलं. हा लेख मी लिहितेय त्याचं अर्धं कारण आईचं ते वाक्य आहे.

मी शेवटी मानसोपचार डॉक्टरांकडं गेले. त्यांनी भुताबद्दल एक शब्द न विचारता दिवसाचं विचारलं. दिवसा बोलता बोलता अनावर झोप येते का, जोरात हसलं की गुडघे लटपटतात का, मान खाली पडते का. कारण तसं असेल तर नार्कोलेप्सी नावाचा वेगळा आजार असू शकतो आणि त्याची तपासणी करावी लागते. घोरण्याबद्दल विचारलं, चालू असलेल्या गोळ्यांबद्दल विचारलं. मला तसलं काही नव्हतं. मग काळजीबद्दल विचारलं आणि मी तिथं रडले. त्यांनी सांगितलं की स्लीप पॅरालिसिसनं कुणाला काही इजा होत नाही, पण तुझी काळजी आहे तिच्यावर उपचार करायचे, आणि मला काउन्सेलरकडं पाठवलं. काही जणांना गोळ्याही देतात, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी आरईएम झोप कमी होते म्हणून, पण ते डॉक्टरनं ठरवायचं, मेडिकलमधून आपलं आपण आणायचं नाही.

माझ्यासाठी जे उपयोगी पडलं त्यात सगळ्यात वर उठायची वेळ. झोपायची वेळ पुढं-मागं झाली तरी उठायची रोज तीच, रविवारी पण. दुपारची दोन तासांची झोप बंद, फारच पेंग आली तर अभ्यासिकेत टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ. संध्याकाळनंतर चहा नाही, हे पेठेत राहून सगळ्यात अवघड. कुशीवर झोपणं, पाठीमागं उशी लावून, म्हणजे झोपेत उताणी होत नाही. काउन्सेलरनं झोपण्याआधी वही काढायला लावली, उद्याची कामं आणि आजची भीती दोन्ही लिहून वही मिटायची आणि ती कॉटवर नाही, टेबलावर ठेवायची. ऐकायला साधं वाटतं, मला त्यानं खूप फरक पडला.

आणि झालंच तर काय करायचं. आधी सांगितलेल्या बालंद जलाल यांनी २०१६ मध्ये चार पायऱ्यांची एक पद्धत सुचवली, मी तिच्यावरूनच माझं बसवलंय. हे काय आहे ते ओळखायचं, स्लीप पॅरालिसिस आहे, संपणार आहे. मग घाबरायची गरज नाही असं स्वतःला सांगायचं. मग लक्ष त्या पायाशी बसलेल्याकडून काढून एखाद्या चांगल्या गोष्टीवर लावायचं, मी आमच्या मळ्यातली विहीर आणते डोळ्यांसमोर. आणि शेवटचं म्हणजे अंग सैल सोडायचं, हलायचा आटापिटा करायचा नाही, श्वास जसा चाललाय तसा चालू द्यायचा. पहिल्यांदा हे जमत नाही, भीती आधी येते. दिवसा जागेपणी सराव केला की रात्री आठवतं.

रूममेटसाठी पण सांगते, कारण तुम्ही खूप काही करू शकता. कुणी झोपेत बारीक हूं हूं करत असेल, डोळे अर्धवट उघडे असतील, श्वास भराभर चालला असेल, तर हसू नका आणि व्हिडिओ काढू नका. नावानं हाक मारा, खांद्याला किंवा पायाला हात लावा, माझं तरी तेवढ्यानं सुटतं. नंतर पाणी द्या आणि दोन मिनिटं उठून बसायला लावा, लगेच परत झोपलं की मला तरी बऱ्याचदा परत तेच होतं.

वारंवार होत असेल, झोपायचीच भीती बसली असेल, दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा काळजीनं जगणंच नको वाटत असेल, तर थांबू नका. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत कमी खर्चात काम होतं. आणि जायची हिंमत होत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. माझ्या एका मैत्रिणीनं रात्री दीड वाजता अभ्यासिकेच्या जिन्यात बसून लावला होता आणि पलीकडून तिचं सगळं नीट ऐकून घेतलं.

मला अजूनही होतं, पूर्ण गेलेलं नाही, निकालाच्या आसपास हमखास. पण आता रूममध्ये चौघींना माहिती आहे, सकाळी उठल्यावर मी सांगते की काल झालं, आणि त्या दिवशी आम्ही रात्री अकरालाच लाईट बंद करतो.